धर्मग्रामात मुलं, वृद्ध आणि दुर्बल माणसं सुरक्षित राहावीत म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) सुटल्यावर चर्चच्या आवारात, पालकसभेत, कधी रात्री फोनवर दबक्या आवाजात विचारले जातात. उत्तरं वसई, मुंबई, पुणे, नाशिक अशा धर्मप्रांतांतल्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक कुटुंबांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. इथे सांगितलेले केंद्रीय कायदे गोव्यातही तेच आहेत. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो: पोलिसांकडे जाणं आणि चर्चकडे तक्रार करणं हे दोन वेगळे रस्ते आहेत. दोन्हीवर चालता येतं, पण चर्चची चौकशी पुरी होईपर्यंत पोलिसांना कळवणं लांबवायचं नसतं.

आपल्याकडे खरंच असं काही घडतं का? हे परदेशातलं लोण आहे ना?

घडतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये मुंबईतल्या एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चशी जोडलेल्या कॅथलिक समाजात) १३ वर्षांच्या मुलावर तिथल्याच धर्मगुरूने अत्याचार केल्याची तक्रार झाली आणि डिसेंबर २०२१ मध्ये पोक्सो म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखालच्या विशेष न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली. केरळमध्ये कोट्टियूरच्या प्रकरणात २०१७ साली अल्पवयीन मुलगी बाळंत झाली, तेव्हा तिच्या वडिलांनी आधी दोष स्वतःच्या अंगावर घेतला होता. खटल्यात घरच्यांनी साक्ष फिरवली, तरी डीएनए पुराव्यावर धर्मगुरू दोषी ठरला. थलसेरीच्या न्यायालयाने २०१९ मध्ये २० वर्षांची शिक्षा दिली, ती उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये १० वर्षांवर आणली. एका बापाने असला कलंक स्वतःच्या माथी घ्यावा, इतका दबाव त्या घरावर असू शकतो. धर्मग्रामातल्या प्रत्येकाने याचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

आणि विषय फक्त धर्मगुरूंचा नाही. मुलांवर अत्याचार करणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो: काका, शेजारी, शिकवणीचे सर, गायनमंडळातला दादा. धर्मग्राम म्हणजे ओळखीच्या माणसांचंच गाव. घरात घडलेली गोष्ट मूल कधी कधी कॅटेकिझमच्या (धर्मशिक्षणाच्या) बाईंनाच पहिल्यांदा सांगतं, त्यामुळे बाईंनाही पुढचं माहीत असायला हवं.

‘दुर्बल’ माणसं म्हणजे नेमकी कोण?

१८ वर्षांखालचं प्रत्येक मूल, मुलगा असो वा मुलगी. त्याखेरीज पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये काढलेल्या ‘व्होस एस्तिस लुक्स मुंडी’ या आदेशात जी व्याख्या आहे तिचा आशय असा: आजारपण, शारीरिक वा मानसिक कमतरता किंवा स्वातंत्र्य हिरावलं गेल्यामुळे ज्या माणसाची समजण्याची, नको म्हणण्याची किंवा प्रतिकार करण्याची ताकद कमी झाली आहे, मग ती अधूनमधून का असेना.

‘अधूनमधून’ हे महत्त्वाचं आहे. एरवी खमकी असलेली बाई नवरा गेल्यानंतरच्या महिन्यांत दुर्बल असू शकते. ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळलेले आजोबा, कर्जात बुडालेला आणि सेंट व्हिन्सेंट डी पॉल या चर्चमधल्या सेवाभावी संस्थेच्या मदतीवर घर चालवणारा बाप, झारखंडहून मुंबईत घरकामाला आलेली आदिवासी मुलगी, दारू सोडायला धडपडणारा तरुण, हे सगळे आपल्याच बाकांवर बसलेले असतात.

एखाद्या मुलाने मला काही सांगितलं तर त्या क्षणी काय करू?

ऐका. बाकी सगळं नंतर. मूल बहुतेक वेळा सरळ सांगत नाही. ‘मला यापुढे ऑल्टरवर यायचं नाही’ म्हणतं, ‘अमुक अंकलच्या गाडीत बसायचं नाही’ म्हणतं आणि तुमचा चेहरा बघतं. चेहऱ्यावर धक्का किंवा अविश्वास दिसला की तिथेच गप्प होतं.

रविवारी वर्ग सुटलाय, दहा वर्षांचा मुलगा वही भरण्याच्या निमित्ताने मागे रेंगाळतोय, असं समजा. खुर्ची ओढून त्याच्याच उंचीवर बसा. दार उघडं राहू द्या, पण आवाज बाहेर जाणार नाही एवढं बघा. ‘सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही.’ ही दोन वाक्यं पुरतात. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही आणि मुलाचा विश्वास दुसऱ्यांदा तुटेल. त्याऐवजी सांगा, ‘तुला मदत करू शकतील अशा एक-दोन माणसांशी मला बोलावं लागेल.’

खोदून विचारू नका. ‘मग त्याने इथे हात लावला का?’ असे प्रश्न तर नकोच, कारण उत्तर मुलाच्या तोंडी घातलं जातं आणि पुढे कोर्टात तेच नडतं. मुलाने जे शब्द वापरले तेच शब्द, तारीख-वेळ घालून त्याच दिवशी लिहून ठेवा. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याला बोलावून ‘हे खरं का?’ असं विचारू नका. दोघांना समोरासमोर बसवून ‘समेट’ करणं ही सगळ्यात मोठी चूक. आपल्या आळीतल्या भांडणांत ती रीत असेल, इथे ती मुलावर दुसरा अत्याचार ठरते.

घटना नुकतीच घडली असेल तर मुलाला आंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका. ते कागदी पिशवीत ठेवा आणि सरकारी रुग्णालयात घेऊन जा. खासगी रुग्णालयालाही पीडित मुलावर मोफत प्रथमोपचार नाकारता येत नाहीत.

फादरांना सांगितलं. आता माझी जबाबदारी संपली ना?

नाही. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे ज्या कुणाला गुन्हा घडल्याचं कळलं किंवा घडण्याची भीती वाटली, त्या प्रत्येकाने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं आहे. ‘प्रत्येक’ म्हणजे कॅटेकिस्ट, सिस्टर, फादर, बिशप, शाळेचा शिपाई, डॉक्टर, शेजारीण. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. हा नियम खुद्द मुलाला मात्र लागू नाही. मुलाने उशिरा सांगितलं म्हणून त्याच्यावर कारवाई होत नाही.

‘मी चौकशी करून, खात्री झाल्यावर कळवीन’ असं चांगली माणसंही म्हणतात. खात्री करणं हे पोलिसांचं आणि न्यायालयाचं काम आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुरा इथल्या वसतिगृहाच्या प्रकरणात, मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरने माहिती असून पोलिसांना कळवलं नाही, असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि तातडीने कळवणं हा या कायद्याचा कणा आहे, हे ठासून सांगितलं.

सद्‌हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, हेही याच कलमात आहे.

पोलीस ठाण्यात मुलाला तासन्‌तास बसवून ठेवतील अशी भीती वाटते.

भीती खरी आहे, पण तसं करायला कायद्याची परवानगी नाही. जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, तोही गणवेश न घालता. आई-वडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत हवं. रात्री कोणत्याही कारणाने मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करायची. पोलिसांनी २४ तासांच्या आत बालकल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. खटल्यात सोबतीसाठी समितीकडून साहाय्यक व्यक्ती मागता येते, ती जरूर मागा. कोर्टाच्या पायऱ्या एकट्याने चढणारी आई आणि शेजारी कुणीतरी जाणतं माणूस असलेली आई, यांत फार फरक पडतो.

हद्दीचा प्रश्न काढून परत पाठवलं तर ‘झिरो एफआयआर’ मागा. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी जवळच्या ठाण्याला तो नोंदवावाच लागतो. एफआयआरची प्रत मोफत मिळते. तरी टाळाटाळ झाली तर वरिष्ठांकडे लेखी अर्ज करा. पोक्सोखालची तक्रार न नोंदवणं हा पोलिसासाठीही गुन्हा आहे.

लगेच फोन कुठे करायचा?

मुलांसाठी १०९८. तातडीच्या धोक्यात ११२. स्त्रियांसाठी १८१. ज्येष्ठांसाठी १४५६७. मोफत कायदेशीर मदतीला १५१००. मन खचलं असेल, झोप उडाली असेल तर टेलिमानस, १४४१६. हे आकडे चर्चच्या फलकावर, नोव्हेनाच्या वेळापत्रकाशेजारीच, ठळक लावा.

आई-वडिलांनाच तक्रार नको असेल तर?

बहुतेक घरांत पहिली प्रतिक्रिया हीच असते. मुलीचं लग्न, नातेवाइकांची तोंडं, ‘चर्चची बदनामी’. त्यांना दोष देऊ नका, पण कायदा पालकांच्या संमतीवर थांबत नाही हे हळुवारपणे आणि स्पष्ट सांगा. सांगताना हेही सांगा की मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो छापायला बंदी आहे आणि सुनावणी बंद दालनात होते. महाराष्ट्रात ‘मनोधैर्य’ योजनेतून पीडितांना आर्थिक मदत आणि समुपदेशन मिळतं, त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं.

चर्चच्या बाजूने तक्रार कशी होते?

आरोप धर्मगुरू, ब्रदर किंवा सिस्टरवर असेल तर धर्मप्रांताच्या बिशपांकडे किंवा त्यांनी नेमलेल्या संरक्षण समितीकडे लेखी तक्रार द्या. ‘व्होस एस्तिस’ ९ मे २०१९ रोजी निघालं आणि २०२३ मध्ये सुधारून कायम झालं. त्यानुसार प्रत्येक धर्मप्रांतात सर्वसामान्य माणसाला सहज तक्रार करता येईल अशी व्यवस्था असणं बंधनकारक आहे. धर्मगुरू आणि व्रतस्थांना अशी माहिती कळली तर ती वरिष्ठांना ताबडतोब कळवणं त्यांच्यावर बंधन आहे. तुम्ही-आम्ही प्रापंचिक माणसंही तक्रार करू शकतो.

तक्रारदाराला ‘याबद्दल कुठे बोलायचं नाही’ अशी अट घालता येत नाही. कुणी तशा कागदावर सही मागितली तर करू नका आणि त्या कागदाचा फोटो ठेवा. पूर्वी अशा प्रकरणांवर ‘परमधर्मपीठीय गुप्तता’ असायची. पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१९ मध्ये ती उठवली, त्यामुळे गुप्ततेचं कारण सांगून पोलिसांना कागदपत्रं नाकारण्याचा मार्ग उरला नाही.

बिशप प्राथमिक चौकशी करतात, त्या काळात संबंधित धर्मगुरूला सेवेपासून दूर ठेवू शकतात आणि मुलाविषयीच्या तक्रारीत तथ्य दिसलं तर प्रकरण रोमला श्रद्धासिद्धांत विभागाकडे पाठवतात. धर्मगुरुपद काढून घेण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते. तक्रार खुद्द बिशपांविरुद्ध असेल तर ती महानगर धर्मप्रांताच्या आर्चबिशपांकडे (वसई, पुणे, नाशिकसाठी मुंबईच्या) किंवा दिल्लीतल्या पोपच्या राजदूत कार्यालयाकडे करता येते.

माझं स्पष्ट मत: पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत जोडूनच चर्चकडे अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेल्या गोष्टीची कुठेच नोंद राहत नाही.

कन्फेशनमध्ये सांगितलेलं फादर पोलिसांना सांगू शकतात का?

चर्चच्या कायद्याप्रमाणे नाही, कुठल्याही कारणासाठी नाही. आणि पोक्सोमध्ये कन्फेशनसाठी सूट लिहिलेली नाही. हा ताण आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पण फादर हात बांधून बसलेले असतात असंही नाही. मूल कन्फेशनमध्ये बोललं तर ‘हे तुझं पाप नाहीच’ असं सांगून, तेच बाहेर आईला, बाईंना किंवा फादरांनाच कन्फेशनबाहेर सांग, अशी समजूत त्यांनी घालायची असते. रोमच्या मार्गदर्शिकेत तसं लिहिलं आहे. गुन्हेगाराला ते पोलिसांसमोर जायला बजावू शकतात. आणि लक्षात ठेवा, गुप्ततेची मुद्रा फक्त संस्काराला असते. पॅरिश ऑफिसात चहा घेत केलेलं बोलणं म्हणजे कन्फेशन नव्हे.

‘फक्त कपड्यांवरून हात लावला’, ‘मस्करी होती’ असं म्हणतात. एवढ्यासाठी पोलीस?

हो. नागपूर खंडपीठाने त्वचेचा त्वचेला स्पर्श झाला नाही म्हणून कलम लागू होत नाही असं म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ते चूक ठरवलं. लैंगिक हेतू हा निकष आहे, मधला कपडा नव्हे. अश्लील चित्र दाखवणं, मुलाचा सतत पाठलाग करणं, लैंगिक हेतूने मोबाइलवरून पुन्हा पुन्हा संपर्क साधणं, हेही गुन्हेच आहेत. धार्मिक किंवा शैक्षणिक संस्थेतल्या माणसाने त्या संस्थेतल्या मुलावर अत्याचार केला तर कायदा तो अधिक गंभीर मानतो. बलात्कारासारख्या गुन्ह्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान शिक्षा २० वर्षांची आहे.

आमचे फादर देवमाणूस आहेत. असे नियम लावले तर त्यांचा अपमान नाही का?

चांगल्या फादरांना हे नियम आधी हवे असतात. दारं उघडी, काचेच्या खिडक्या, दोन मोठी माणसं हजर, यात त्यांचंही रक्षण आहे.

संध्याकाळच्या मिस्सानंतरची सॅक्रिस्टी, म्हणजे झगे आणि पूजेचं साहित्य ठेवायची खोली, घ्या. मेणबत्त्या विझवल्या, बहुतेक लोक सायकलींवरून घरी निघाले, वेदीवर मदत करणारा एक ऑल्टर बॉय झगा काढून घडी घालतोय आणि आत एकच मोठा माणूस आहे. काहीही वाईट घडलेलं नाही. पण ती जागा अशी का ठेवायची? मुलांनी झगे बदलताना दोन प्रौढ असावेत, दार सताड उघडं असावं, शेवटचं मूल पालकाच्या हाती गेल्याशिवाय प्रमुखाने कुलूप लावू नये. मुलांची कन्फेशन्स चर्चमध्ये, सगळ्यांना दिसेल अशा जागी घ्यावीत. पलीकडच्या माणसाला ऐकू येऊ नये एवढंच अंतर पुरे.

मे महिन्याच्या शिबिरात किंवा वेलांकनीच्या यात्रेत मुलं आणि मोठी माणसं एका खोलीत झोपत नाहीत. मुली असतील तर सोबत जबाबदार स्त्रिया हव्यातच. कुणीही एकट्या मुलाला गाडीतून सोडायला जाऊ नये, ‘वाटेवरच आहे’ म्हणूनही नाही. स्वच्छतागृह आवाराच्या टोकाला, झाडीआड असेल तर कॅटेकिझमच्या वेळी तिथे दिवा आणि माणूस ठेवा. धर्मग्राम परिषदेच्या बैठकीत सणाच्या मंडपावर तासभर चर्चा होते, त्यातली पंधरा मिनिटं या दिव्यासाठी काढा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एक खूण लक्षात ठेवा. जो माणूस एकाच मुलाला वारंवार भेटवस्तू देतो, त्याच्याशी ‘आपलं गुपित’ ठेवतो, घरच्यांच्या अडचणीत नको तितका पुढे येतो आणि नियम सांगितले की चिडतो, त्याच्याकडे लक्ष असू द्या. आरोप करायची गरज नाही. मुलासोबत एकटं राहण्याची संधी काढून घेतली तरी पुष्कळ काम होतं.

स्वयंसेवकांची पोलीस पडताळणी करायला हवी का?

मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करावी, असं पोक्सो नियम, २०२० मध्ये आहे. मग कॅटेकिस्ट, गायनशिक्षक, फुटबॉल प्रशिक्षक, वॉचमन, स्कूलबसचा ड्रायव्हर सगळेच आले. नव्या स्वयंसेवकाला पहिले सहा महिने कुणा अनुभवी माणसासोबतच काम द्या. दुसऱ्या धर्मग्रामातून आला असेल तर तिथे फोन करा. हा फोन करायला आपण संकोचतो आणि तिथेच फसतो.

व्हॉट्सॲप ग्रुप आणि फोटोंचं काय?

मुलांच्या ग्रुपमध्ये पालक हवेत, नाहीतर ग्रुप नको. कुणाही प्रौढाने मुलाला खासगी मेसेज करू नये, रात्री तर मुळीच नाही. प्रथम कम्युनियनचे (ख्रिस्तप्रसादाचे) फोटो पालकांना विचारून टाका, नाव आणि शाळा लिहू नका. एखादं आक्षेपार्ह छायाचित्र फिरत असेल तर ‘पुरावा म्हणून’ पुढे पाठवू नका. तेही गुन्ह्यात मोडतं. फोन जसाच्या तसा पोलिसांना दाखवा.

युवा गटातली १७ वर्षांची मुलगी आणि २३ वर्षांचा मुलगा, दोघांची संमती आहे. यात आपण पडावं का?

१८ च्या आतल्या संमतीला कायद्यात किंमत नाही. तो मुलगा गटाचा नेता असेल तर प्रश्न आणखी गंभीर होतो, कारण संमतीमागे अधिकाराचा भार असतो. त्याला नेतेपदावरून बाजूला करा, मुलीशी एखाद्या समजूतदार स्त्रीला बोलू द्या. शरीरसंबंध आल्याचं कळलं तर कळवण्याचं बंधन इथेही तेच आहे.

वृद्धांचं काय? त्यांच्याबद्दल कुणी बोलतच नाही.

खरं आहे, आणि म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो.

पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन द्यायला जाणाऱ्यांना सगळ्यात जास्त दिसतं. वसईत जमिनींचे भाव चढले तशी एक गोष्ट घरोघरी वाढली. आजी मागच्या खोलीत, पंखा बंद, पाण्याचा तांब्या हाताला येणार नाही इतका दूर. उशाखाली घडी केलेला स्टँप पेपर, अंगठ्याला अजून शाई. ‘काय आहे गं आजी?’ विचारलं तर ‘पोरगा म्हणाला बँकेचं आहे.’ ते हक्कसोडपत्र असतं किंवा बक्षीसपत्र.

उपासमार, मारहाण, औषध न देणं, पेन्शनचं कार्ड आणि पिन काढून घेणं, भेटायला आलेल्यांना परत पाठवणं, हे सगळे अत्याचारच आहेत. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्याने ६० वर्षांवरच्या माणसाला मुलांकडून, आणि अपत्य नसेल तर मालमत्ता मिळणाऱ्या नातेवाइकांकडून निर्वाह मागता येतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या, म्हणजे प्रांत साहेबांच्या, न्यायाधिकरणाकडे करायचा. चालता येत नसेल तर आजी-आजोबांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. त्यामुळे सेंट व्हिन्सेंट डी पॉलच्या सभासदांना इथे खरंच काही करता येतं. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता लिहून दिली आणि नंतर सांभाळलं नाही, तर कलम २३ खाली तो व्यवहार रद्द करून घेता येतो. म्हणून बक्षीसपत्र करायचंच असेल तर सांभाळण्याची अट कागदावर लिहून घ्या, असं धर्मग्रामातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला सांगा. ज्येष्ठाला कायमचं टाकून देणं हा तीन महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

आपल्या बाजूचं पथ्यही पाळा. आजाऱ्याच्या घरी दोघांनी जावं. अंथरुणावरच्या माणसाकडून रोख पैसे, दागिने, ‘चर्चसाठी ठेवा’ म्हणून दिलेलं पाकीट स्वयंसेवकाने घेऊ नये. देणगी द्यायचीच तर ऑफिसातून, पावतीने, घरच्यांच्या माहितीत. मृत्युपत्रावर कम्युनियन देणाऱ्याने साक्षीदार म्हणून सही करू नये.

दिव्यांग मुलं आणि प्रौढ?

ज्याला बोलता येत नाही त्याच्यावरचा अत्याचार शोधणं अवघड, आणि गुन्हेगाराला हे माहीत असतं. वागण्यातला अचानक बदल, विशिष्ट माणूस दिसताच घाबरणं, आंघोळीला विरोध, यांची दखल घ्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार छळाची माहिती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना, म्हणजे सहसा तहसीलदारांना, कुणीही देऊ शकतं. जबाब घेताना सांकेतिक भाषेचा दुभाषी किंवा विशेष शिक्षक मागण्याचा हक्क आहे.

आदिवासी मुलांच्या वसतिगृहांत काय बघावं?

तलासरी, डहाणू, जव्हारच्या भागात मिशनच्या वसतिगृहांनी पिढ्या घडवल्या आहेत. तरीही घरापासून लांब राहणारं, वारली बोलणारं मूल मराठीत किंवा इंग्रजीत तक्रार लिहू शकत नाही. त्याला त्याच्या भाषेत बोलणारं एक बाहेरचं माणूस महिन्यातून भेटलं पाहिजे. १०९८ नंबर भिंतीवर आणि फोन मुलांच्या आवाक्यात हवा. रात्रीच्या फेरीला कोण जातं याची नोंदवही असावी आणि वरिष्ठांनी ती खरोखर वाचावी.

प्रौढ स्त्रीला त्रास झाला तर? तिला ‘दुर्बल’ म्हणतात का?

म्हणोत वा न म्हणोत, तिला तक्रारीचा हक्क आहे. पॅरिश ऑफिस, शाळा, दवाखाना इथे काम करणाऱ्यांसाठी २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा लागू आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष स्त्री हवी, निम्म्याहून कमी स्त्रिया चालत नाहीत आणि बाहेरची एक व्यक्ती हवी. तक्रार तीन महिन्यांत द्यायची. दहाहून कमी कर्मचारी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा.

समुपदेशन किंवा आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नात्याचा गैरफायदा घेणं हा चर्चच्या कायद्यातही गुन्हा होऊ शकतो. डिसेंबर २०२१ पासून लागू झालेल्या सुधारित दंडसंहितेत बळजबरी, धमकी किंवा अधिकाराचा गैरवापर करून धर्मगुरूने केलेल्या लैंगिक अपराधाला शिक्षा आहे, पीडित व्यक्ती प्रौढ असली तरीही. सिस्टरांनाही हे लागू आहे. आपल्या मठाच्या वरिष्ठांना ओलांडून बाहेर बोलणं त्यांना किती कठीण जातं हे ओळखून, त्या बोलल्याच तर त्यांच्या पाठीशी उभे राहा.

खोटी तक्रार झाली तर एका निरपराध माणसाचं आयुष्य जाईल.

ही काळजी रास्त आहे. बदनामीच्या हेतूने खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढाला पोक्सोच्या कलम २२ खाली शिक्षा आहे, मुलाला मात्र नाही. चौकशीच्या काळात सेवेपासून दूर राहणं म्हणजे दोषी ठरणं नव्हे, हे प्रवचनपीठावरून स्पष्ट सांगावं. निर्दोष ठरल्यास तेही तितक्याच जाहीरपणे सांगावं. पण पुरावा अपुरा पडून सुटका झाली म्हणजे मूल खोटं बोललं, असा निष्कर्ष काढू नका.

वीस वर्षांपूर्वी माझ्यासोबत घडलं. आता सांगून काय उपयोग?

सांगता येतं. गंभीर गुन्ह्यांना तक्रारीची मुदत संपत नाही. घटना २०१२ च्या आधीची असेल तर तेव्हाच्या भारतीय दंड संहितेखाली विचार होतो. चर्चच्या कायद्यात पीडित १८ वर्षांचा झाल्यापासून २० वर्षांची मुदत आहे आणि रोम ती शिथिल करू शकतं. तो माणूस वारला असेल तरीही धर्मप्रांताला कळवा. दुसऱ्या कुणी तेच सांगितलेलं असू शकतं.

तक्रार केल्यापासून आमच्याशी कुणी बोलत नाही. लग्नकार्याला बोलावणं नाही.

असं घडवून आणणं हा गुन्हा आहे. महाराष्ट्राच्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यात, २०१६, तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. पण कायद्याच्या आधी शेजाऱ्यांचं काम आहे. त्या घरी जा. मिस्सामध्ये त्यांच्याच बाकावर बसा. मुलाच्या वाढदिवसाला आपल्या पोरांना पाठवा. काय घडलं ते विचारू नका, फक्त नेहमीसारखं जा.

आमच्या धर्मग्रामात काहीच व्यवस्था नाही. सुरुवात कुठून करू?

येत्या परिषदेच्या बैठकीत हा विषय लेखी मांडा. दोन माणसं नेमायला लावा, त्यातली एक स्त्री, आणि दोघंही फादरांच्या पगारावर नसलेली. शक्य असल्यास एक वकील, डॉक्टर किंवा समुपदेशक, धर्मग्रामाबाहेरचा चालेल. त्यांची नावं, फोन आणि वर दिलेले क्रमांक फलकावर लावा. धर्मप्रांताचं संरक्षण धोरण मागून घ्या, मराठीत नसेल तर मराठीत करून मागा. जूनमध्ये कॅटेकिझम सुरू होण्याआधी सगळ्या स्वयंसेवकांची एक दुपार यासाठी राखा आणि पालकांना, मुलांना वेगवेगळं बसवून हे सगळं त्यांच्या शब्दांत सांगा.